खोली न विचारणारं सूत्र

टंचाईच्या वर्षी सास्तूर-लोहाऱ्याकडच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर शिगोशीग भरून निघाला, तर आतलं पाणी जागचं हलत नाही. अर्धा रिकामा झाला, की वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावतं आणि गाडीला तिकडंच ओढतं. जहाजाच्या टाकीतल्या अशा मोकळ्या पाण्याचा हिशेब एका ओळीत मावतो: टाकीची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले 12. त्याला द्रवाच्या घनतेने गुणायचं आणि जहाजाच्या विस्थापनाने भागायचं. येणारा आकडा ‘जीएम’मधून, म्हणजे गुरुत्वमध्य ते मेटासेंटर (थोडं कललेलं जहाज ज्या बिंदूभोवती झुलतं तो) या अंतरातून, वजा करायचा; हे अंतर जितकं कमी, तितकं जहाज कलंडायला सोपं.

या ओळीतली पहिली गंमत तिच्यात नसलेल्या गोष्टीत आहे. पाण्याची खोली ती विचारतच नाही! जहाज थोडंच कललेलं असेपर्यंत टाकीत पाणी गुडघाभर असो की पुरुषभर, घट तेवढीच. फेब्रुवारी 1942मध्ये न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ या जहाजाला आग लागली. ती विझवायला ओतलेलं पाणी वरच्या मजल्यांवर साचलं. आग आटोक्यात आली, पण अशा मोकळ्या पाण्यापायी ते अजस्र जहाज धक्क्यालगतच आडवं झालं.

खरा जोर मात्र रुंदीच्या त्या घनात आहे. 8000 टनांच्या जहाजात 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद गोड्या पाण्याची टाकी अर्धवट भरलेली असली, तर जीएम सुमारे 21 सेंटिमीटरने घटतो. त्याच टाकीत नाळेपासून वरामापर्यंतच्या, म्हणजे जहाजाच्या लांबीच्या, दिशेने मधोमध एक भिंत घाला: घट 5 सेंटिमीटरवर, म्हणजे चौथाईवर येते. पाणी थेंबभरही कमी केलेलं नाही.

तीच भिंत आडवी घातली तर? लांबीचे तुकडे पडतात, बेरीज पुन्हा तेवढीच, फायदा शून्य. टँकरच्या पोटात सहसा असतात त्या आडव्या भिंती ब्रेक दाबल्यावर पुढे उसळणारं पाणी अडवतात, वळणावर मात्र त्यांचा उपयोग नाही. एका सूत्राने धोका मोजावा आणि भिंत कुठे हवी तेही सांगावं, याहून नेटकं लेखन मला गणितात फारसं आढळलेलं नाही. जाणते दर्यावर्दी त्याचा अर्थ साध्या शिस्तीत उतरवतात: टाकी एकतर काठोकाठ भरायची, नाहीतर पुरती उपसायची.