पावसातलं मांजर आणि पलंगावरचा जॉर्ज

एम. ए.च्या वर्गात अर्नेस्ट हेमिंग्वेची 'कॅट इन द रेन' शिकवून झाली, तेव्हा माझ्या वहीत एकच ओळ उरली होती : मांजर म्हणजे मूल. पुढे बरीच वर्षं ही कथा मला 'येते' असं मी समजत होतो.

कथा आहेच केवढी! हजार-बाराशे शब्द. फोनवर सात-आठदा अंगठा सरकवला की संपते. १९२५च्या 'इन अवर टाइम' या संग्रहात ती आहे. इटलीतलं समुद्रकाठचं हॉटेल, अख्ख्या हॉटेलात अमेरिकन म्हणावेत असे दोघंच, नवरा-बायको. बाहेर पाऊस. बायको खिडकीतून बघते, तर खाली बागेतल्या ठिबकणाऱ्या हिरव्या टेबलाखाली एक मांजर अंग चोरून बसलंय. ते आणायला ती खाली जाते, तोवर मांजर गायब. ती परत वर येते. नवरा, म्हणजे जॉर्ज, दोन उशा घेऊन पलंगावर वाचत पडलेला आहे. घटना म्हणाल तर इतकीच, आणि शेवटी दारावर एक टकटक.

गेल्या जुलैत आम्ही दोघं गुहागरला दोन रात्री राहिलो. पावसाळ्यात भाडं निम्मं असतं आणि माणसं नसतात, म्हणून. खोलीसमोर सुरूची झाडं, पलीकडे चिखलरंगाचा समुद्र. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अरे, ते कुत्रं बघ ना, होडीखाली बसलंय." वाळूवर झावळ्यांनी शाकारून ठेवलेली एक होडी होती. मी फोनवरून नजर न काढता "हं" म्हटलं. ती चपला शोधायला लागली तेव्हा म्हटलं, "भिजू नकोस." दार लागल्याचा आवाज आला आणि मला एकदम आठवलं, की हे वाक्य माझं नाही. हे जॉर्जचं आहे. त्यानेही आधी पलंगावरूनच 'मी जातो' म्हणून घेतलेलं असतं, मग न उठता हाच सल्ला दिलेला असतो.

त्या रात्री कथा पुन्हा वाचली. वहीतल्या ओळीची पहिल्यांदाच लाज वाटली.

कारण ती बाई मांजरावर थांबतच नाही. आरशासमोर बसून ती विचारते, केस वाढवू का? मुलासारखं दिसायचा तिला कंटाळा आलाय. जॉर्जला आहेत तसेच आवडतात. मग तिचं 'हवंय' सुरू होतं. हाताला जाणवेल असा जाड अंबाडा हवाय, मांडीवर मांजर हवंय, आपल्या स्वतःच्या चांदीच्या काट्याचमच्यांनी आपल्याच टेबलावर जेवायचंय, मेणबत्त्या हव्यात, वसंत हवाय, नवे कपडे हवेत. यात मूल कुठे आहे? असेलही मागे कुठेतरी. पण बाई इतकं स्पष्ट, एकेक करून सांगत असताना त्यातली एकच गोष्ट उचलायची आणि 'तुला खरं म्हणजे बाळ हवंय' म्हणायचं, हे न ऐकण्याचंच जरा शिकलेलं रूप झालं. जॉर्ज निदान सरळ 'गप्प बस आणि काहीतरी वाच' म्हणतो. आम्ही त्याचं प्रतीक केलं.

या वाचनाला चरित्राचाही टेकू मिळतो. १९२३च्या सुरुवातीला हेमिंग्वे आणि त्याची बायको हॅडली इटलीत रापाल्लोला होते आणि हॅडली गरोदर होती. पुढे स्कॉट फिट्झजेराल्डला लिहिलेल्या पत्रात हेमिंग्वेने ही कथा हॅडलीची नाही असं बजावलं होतं. लेखकाच्या बजावण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याने-त्याने ठरवावं. मला कथेच्या आत सापडतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

उदाहरणार्थ, तिला नाव नाही. जॉर्जला आहे. निवेदक तिला आधी 'अमेरिकन बायको' म्हणतो. ती खाली उतरते, हॉटेलचा म्हातारा मालक खुर्चीतून उठून झुकतो, तिच्यासाठी छत्री पाठवतो, आणि पावसात उभी असताना निवेदकाच्या तोंडी ती 'अमेरिकन मुलगी' होते. वर येऊन खिडकीशी उभी राहिली की पुन्हा 'त्याची बायको'. कुठेही खुलासा नाही. मालक तिला का आवडतो याची मात्र यादी येते : त्याचा आब, तक्रार ऐकतानाचा गंभीर चेहरा, मोठे हात. त्याच्यासमोरून जाताना आपण क्षणभर फार महत्त्वाच्या आहोत असं तिला वाटतं. आता हॉटेलवाला गिऱ्हाइकाचं ऐकतो, तो त्याचा धंदाच आहे. कथेतली बोचरी गोष्ट हीच, की भाडं भरून मिळणारं लक्षसुद्धा तिला पुरेसं वाटू लागलंय.

इथे माझी एक तक्रार आहे. खोलीचं काम बघणारी बाई या सगळ्यात छत्री धरून उभी असते आणि शेवटी मांजर घेऊनही तीच येते. ते पावसात कुणी शोधलं, कुणी धरलं? अमेरिकन बाईला विचारावंसं वाटत नाही, ते समजतं. हेमिंग्वेलाही वाटत नाही. ती इंग्रजी ऐकून चेहरा आक्रसते, पावसातल्या मांजराला हसते, बस. एका बाईचं न ऐकलं जाणं दाखवणाऱ्या कथेत दुसरी बाई फक्त ने-आण करते.

गुहागरहून आल्यावर मी कथेचं भाषांतर करून बघायला घेतलं, आणि माझी खरी शिकवणी तिथे झाली. जॉर्ज जेव्हा बोलतो, तेव्हा मराठी हात आपोआप 'अगं' लिहितो. 'अगं, भिजू नकोस.' वाक्य लगेच मऊ होतं. आपल्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं नाही तरी 'अगं' असतं, त्यात रागही मावतो आणि मायाही. जॉर्जकडे तसलं काही नाही. तो कुणालाच उद्देशून न बोलता हवेत बोलतो.

मग मांजर. बाई नवऱ्याशी बोलताना बहुतेकदा 'किटी' म्हणते, म्हणजे आपलं 'माऊ'. बाहेर कामवालीला मात्र आधी 'मांजर होतं' असं नीट सांगते आणि मग न राहवून तिथेही 'माऊ'वर येते. जॉर्ज 'मांजर'च म्हणतो, मिळालं का, एवढंच विचारतो. दोघांचं भांडण या दोन शब्दांतच आहे, आणि सुदैवाने मराठीत ते जसंच्या तसं उतरतं.

शेवट मात्र उतरत नाही. अंधार पडलाय. दारावर टकटक होते, जॉर्ज 'या' म्हणतो आणि पुस्तकातून मान वर करतो. दारात कामवाली, तिने मोठं, काळ्या-तांबूस ठिपक्यांचं मांजर छातीशी घट्ट धरलंय. मालकाने सिन्योरासाठी पाठवलंय. इंग्रजीत इथे 'अ' कॅट आहे, 'द' कॅट नाही. टेबलाखालचं तेच का हे? समीक्षक डेव्हिड लॉज यांनी दाखवून दिलंय, की इथे आपण जॉर्जच्या नजरेतून बघत असतो, आणि जॉर्ज तर खिडकीशी एकदाही गेलेला नाही. त्याला कसं कळणार? एका 'अ'मध्ये त्याचं दिवसभर पलंगावर पडून राहणं आलंय. तिने ओळखलं असतं. पण तिचा चेहरा आपल्याला दाखवलेलाच नाही.

मराठीत उपपद नाही. 'कामवालीने मोठं मांजर धरलं होतं' लिहिलं तर वाचणाऱ्याला ते तेच वाटतं. 'एक मोठं मांजर' लिहिलं तर ते हमखास दुसरंच वाटतं. इंग्रजी वाक्य जिथे गप्प राहतं तिथे मराठीला बोलावं लागतं. मी 'एक' चार वेळा घातलं, चार वेळा काढलं.

कच्चा खर्डा बायकोला वाचायला दिला. तिने वाचून विचारलं, "होडीखालचं कुत्रं कुठल्या रंगाचं होतं, सांग बघू."