वॉलप बुद्रुक विरुद्ध वॉलप खुर्द

देशाचा शत्रू दूर कुठेतरी असतो. माणसाचा खरा शत्रू शेजारच्या गावात राहतो. हे ज्याला पटत नसेल त्याने एकतर जत्रेतली कुस्ती पाहिलेली नाही, किंवा १९४३ सालचा ‘गेट क्रॅकिंग’ हा इंग्रजी विनोदी चित्रपट पाहिलेला नाही.

मार्सेल वार्नेलच्या या चित्रपटात दोन गावं आहेत. मेजर वॉलप आणि मायनर वॉलप. आपल्याकडे सातबाऱ्यावर ती वॉलप बुद्रुक आणि वॉलप खुर्द म्हणून चढली असती! दोन्हीकडे होमगार्डची पलटण. पलीकडे हिटलर बसलाय, पण इकडे काळजी एकच: बुद्रुकवाल्यांपुढे आपलं नाक कापलं जाता कामा नये. नायक जॉर्ज फॉर्म्बी खुर्दचा, पेशाने मोटार-मेकॅनिक. तो घरच्या घरी रणगाडा बनवतो आणि, आपण वासराला ठेवावं तसं, त्याचं नाव ठेवतो ‘पर्सी’.

चित्रपट थोर आहे असं मी म्हणणार नाही. रणगाडा दिसला की गोष्ट कुठे जाणार ते कळतं. शिवाय फॉर्म्बीने युकुलेले हातात घेतलं की गोष्ट बिचारी सायकल भिंतीला टेकवून उभी राहते.

तरीही हसता हसता मी मध्येच थांबलो. कारण हा पोरखेळ बराचसा खरा होता. १४ मे १९४० रोजी अँथनी ईडनने रेडिओवरून स्वयंसेवक मागितले आणि उन्हाळा सरायच्या आत पंधरा लाखांच्या आसपास माणसं जमली. बंदुका पुरेनात. काहींनी शिकारीच्या आणल्या. १९४१ साली तर सरकारने लोखंडी नळीला संगीन जोडून भाले करवले. भाले! समोर रणगाडे येणार होते.

ते आले नाहीत, म्हणून आपण हसतो. १९६८ ते १९७७ या काळात गाजलेली ‘डॅड्स आर्मी’ ही दूरदर्शन-मालिका याच होमगार्डवरची, आणि हिच्यापुढे फॉर्म्बीचा चित्रपट अगदीच बाळबोध वाटतो. तिथल्या म्हाताऱ्यांकडे पाहून वाटतं, वेळ आली असती तर हे खरोखर उभे राहिले असते. फॉर्म्बीच्या गावात तसा एकही चेहरा क्षणभर गंभीर होत नाही. हा त्याचा मोठा दोष.

पण मालिकेला निकाल ठाऊक होता. निकाल लागल्यावर पेपर सोपा होता असं कुणीही म्हणतं. १९४३ साली मात्र बॉम्ब अजून पडत होते. थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांना त्याच रात्री गस्तीवर जायचं होतं. ते स्वतःलाच हसत होते, तिकीट काढून!

एवढ्यासाठी मी पर्सीच्या पत्र्याचे सगळे खडखडाट माफ करतो. गाणी मात्र दोन कमी चालली असती.