शिकण्याचा क्रम आणि खेळाचा रस

आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांत प्रथम कोणते कौशल्य शिकावे, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, रचनेचा आहे. आइसलँडच्या सीसीपी संस्थेने घडविलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळखेळात कौशल्य घड्याळाच्या गतीने वाढते. खेळाडू निजला असला तरी वाढते. त्यात पूर्वी ‘शिकण्याची’ अशी एक स्वतंत्र कौशल्यमाला होती. तिने बुद्धी, स्मृती आदी गुण वाढत व पुढील सर्व कौशल्ये लवकर साध्य होत. जाणते खेळाडू नवागतास ती आधी उरकावयास सांगत. हिशेब बिनचूक होता. पण जहाज हाकण्यास आलेल्या माणसाच्या वाट्यास प्रथम नुसती प्रतीक्षा येई!

तामलवाडीपासून तुळजापुरापर्यंतच्या श्रोत्यांस परिचित असलेला गोंधळ याच्याशी ताडून पाहावा. मुख्य गोंधळी आख्यान लावतो तेव्हा तुणतुण्याचा साथीदार खोळंबलेला नसतो. सूर धरणे, मध्येच प्रश्न टाकून विनोद साधणे, ही त्याचीच कामे. त्यास संबळ येवो वा न येवो, देवीच्या कार्यात तो पहिल्या रात्रीपासून सामील असतो.

डिसेंबर २०१० मध्ये ती कौशल्यमाला रद्द झाली व तीवर खर्ची पडलेले गुणांक खेळाडूंस परत मिळाले. हा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. पूर्वअटींची साखळी मात्र राहिली, आणि तिच्याविषयी आमची तक्रार नाही. मोठ्या जहाजाआधी लहान जहाज हाकण्याचे कौशल्य शिकावे लागते खरे. परंतु ते हाकणे हाही खेळच असतो.