सीआरपी वाढला, म्हणून थकवा आला? एक पेपर वाचूया

१९९१ च्या आखाती युद्धावर गेलेले अमेरिकी सैनिक सुमारे ६ लाख ९७ हजार. त्यांतल्या किमान एक चतुर्थांश लोकांना नंतर न जाणारा थकवा, अंगदुखी, विसराळूपणा असा त्रास सुरू झाला, असं अमेरिकेच्या सल्लागार समितीचा २००८ चा अहवाल सांगतो. यालाच ‘गल्फ वॉर इलनेस’ म्हणतात. अनेकांना वर्षानुवर्षं ‘हा मनाचा ताण आहे’ एवढंच ऐकावं लागलं. त्यामुळे २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेला जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा पेपर महत्त्वाचा ठरतो.

त्यांनी ८५ माजी सैनिकांचं रक्त तपासलं: ५७ आजारी, २८ लक्षणं नसलेले. आजारी गटात सीआरपी आणि काही पांढऱ्या पेशी जास्त निघाल्या. तुलना सैनिकांशीच केली, सामान्य नागरिकांशी नाही, हे चांगलं केलं. सीआरपी तर आपल्या वाशी-पनवेलच्या कुठल्याही लॅबमध्ये होतो, म्हणजे तपासणी सहज पोहोचणारी आहे.

आता अडचण बघा. आयएल-६ चा इशारा मिळाला की यकृत सीआरपी बनवतं. पण आयएल-६ चरबीतूनही येतं. माणूस थकला की हालचाल कमी होते, वजन वाढतं, सीआरपी वाढतो. मग सूज आधी की थकवा आधी? एकाच वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यावरून हे कळत नाही. उलट बाजूही खरी आहे: तापात सायटोकाइन मेंदूपर्यंत इशारा पोहोचवतात आणि आपण गळून जातो. म्हणजे दोन्ही दिशा शक्य आहेत.

दुसरं म्हणजे, तुलना निरोगी लोकांशी आहे. संधिवाताच्या रुग्णातही सीआरपी वाढतोच. ‘आजारी की निरोगी’ ओळखणं वेगळं आणि ‘हाच आजार’ ओळखणं वेगळं.

मुलाखतीत असा पेपर समोर आला तर ‘सॅम्पल लहान आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणता प्रयोग हा प्रश्न सोडवेल, ते सांगा: त्याच लोकांना काही वर्षं तपासत राहणं, किंवा सूज औषधाने कमी करून थकवा उतरतो का ते पाहणं.

आणि एक लक्षात ठेवा. पुरावा अपुरा आहे म्हणजे त्रास खोटा आहे, असं होत नाही. या सैनिकांना नेमकं हेच ऐकवलं गेलं होतं.