डिंभ्याचं पाणी आणि डोक्यावरचे केस

डिंभ्यात येऊन व्याख्यान द्यायचं आणि विषय काय, तर केस! मघाशी दारातच एक आजोबा आम्हाला म्हणाले, "आमचे गेले ते गेले, आता त्यावर काय बोलता?" (हशा) आजोबा, विषय तुमचा नाहीच. विषय तुमच्या नातवाचा आहे. तो रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर एखाद्या नटाचे दहा वर्षांपूर्वीचे आणि आजचे फोटो शेजारीशेजारी ठेवून बघतो आणि हिशेब मांडतो, की याचे आले, मग माझे का नाही येणार?

आज आपण त्या दोन फोटोंची समीक्षा करणार आहोत. समीक्षा म्हटलं की कविता, नाटक, सिनेमा डोळ्यासमोर येतो. पण आजकाल सगळ्यात जास्त बघितली जाणारी कलाकृती कोणती, तर 'आधी आणि नंतर' असा जोडफोटो. तिची समीक्षा कुणी करत नाही. करायला हवी, कारण ती बघून लोक पैसे मोजतात.

नीट बघा त्या फोटोकडे. 'आधी'मध्ये माणूस कसा असतो? केस ओले किंवा तेल लावून चापून बसवलेले, उजेड थेट डोक्यावरून, चेहरा पडलेला. 'नंतर'मध्ये केस वाढवलेले, पुढे विंचरलेले, उजेड बाजूने, अंगात चांगला शर्ट, आणि गडी हसतोय. आता केस तेवढेच ठेवून फक्त उजेड आणि कंगवा बदलला तरी निम्मा फरक पडतो. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो काढताना आपला फोटोग्राफर हेच करतो. आपण त्याला फसवणूक म्हणत नाही, कारण मुलगी बघायला येणारे पाहुणे मुलाला समोर बसवून बघतात. जाहिरातीतल्या माणसाला मात्र आपल्यासमोर कुणी बसवत नाही.

त्यात तो नट असेल तर विचारूच नका. त्याच्या केसांवर रोज काम करणारा माणूस पगारी असतो. केसांच्या मुळाशी भुरभुरायची पावडर मिळते, टाळूवर बारीक ठिपके गोंदून केसांचा भास करता येतो, मागे-पुढे जोडायचे तुकडे मिळतात, आख्खा टोप मिळतो. यातलं किती शस्त्रक्रियेचं आणि किती मेकअपचं, हे पडद्यावरून कळूच शकत नाही. इथून जवळ नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. तिथल्या फडात गंगावन लावतात, टोप घालतात. प्रेक्षकाला ते माहीत असतं आणि तरी तो शिट्टी मारतो. तो व्यवहार उघड आहे. आमची तक्रार टोपाबद्दल नाहीच. टोप दाखवून शस्त्रक्रिया विकली जाते, त्याबद्दल आहे.

एक मोठं नाव मात्र उघडपणे बोललं, त्याचं उदाहरण घेऊ. इंग्लंडचा फुटबॉलपटू वेन रुनी. २०११ च्या जूनमध्ये त्याने स्वतःच ट्विटरवर जाहीर केलं की मी हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलंय. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पैशाला कमी नाही, लंडनमधले डॉक्टर. आणि तरी दोनच वर्षांत, २०१३ मध्ये, त्याने दुसऱ्यांदा करून घेतलं. त्यानंतरही त्याचे केस विरळच दिसत राहिले. लोकांनी त्यावर विनोद केले. आम्हाला वाटतं, सगळ्या नटांच्या फोटोंपेक्षा हे एक उदाहरण जास्त शिकवणारं आहे. असं का झालं असेल, याचं उत्तर आपल्याला इथल्या धरणापाशीच सापडतं.

आता जरा सविस्तर बोलू, कारण सगळी मेख इथे आहे.

डिंभे धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेबारा टीएमसी. कालवे कितीही काढा, माणिकडोहकडे बोगदा काढा की काढू नका, त्यावरून आंबेगाव-जुन्नरची माणसं आणि खालची नगरकडची माणसं कितीही भांडोत, साठा तेवढाच राहतो. बोगद्याने पाणी इकडचं तिकडे जातं, नवीन पाणी तयार होत नाही. हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. हेअर ट्रान्सप्लांट म्हणजे असाच बोगदा आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानावरचे केस सहसा जात नाहीत. म्हणून तर आजोबांच्या डोक्याला कडेने झालर उरलेली असते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की मागचा केस मुळासकट उचलून पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, पुढेही टिकतो. सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. पण मागून काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही. भाताच्या आवणीशी तुलना केली तर इथेच फसायला होतं. भाताची रोपं संपली तर पुढच्या वर्षी पुन्हा रोप टाकता येतं. इथे रोपवाटिका एकदाच मिळते, जन्माची.

आता आकडे बघू. केस एकेकटे नसतात, एक ते चारच्या झुपक्यांनी उगवतात. एका झुपक्याला ग्राफ्ट म्हणतात. दाट डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे सत्तरेक झुपके असतात. कपाळापासून टाळूपर्यंत पूर्ण टक्कल पडलं तर ती जागा साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे बोटांसकट आपल्या पंजापेक्षा थोडी मोठी. ती पहिल्यासारखी भरायची तर दोनशे गुणिले सत्तर, चौदा हजार ग्राफ्ट लागतील. आणि मागून, मागचा भाग विद्रूप न करता, आयुष्यभरात मिळून निघतात किती? सर्वसाधारण माणसाला पाच-सहा हजार. हा साठा. म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंचवीस-तीस. त्यात डोकं झाकल्यासारखं दिसू शकतं, चांगलंही दिसू शकतं. पण विशीतलं डोकं परत येत नाही. म्हणून चांगला सर्जन काय करतो, तर पुढची रेघ जरा वर, वयाला शोभेल अशी धरतो, पुढे दाट लावतो आणि टाळूवर विरळ सोडतो. आणि वाईट सर्जन? तो गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेल्या नटाची रेघ काढून देतो.

तरण्या पोराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस जायचे थांबत नाहीत. पुढे एक पट्टा, मागे एक पट्टा आणि मध्ये रान मोकळं. म्हणून डॉक्टर फिनास्टराइड, मिनॉक्सिडिल अशी औषधं सांगतात आणि ती बंद केली की फायदा ओसरतो. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, बरं का. अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याकडे वळलं. लावलेले केससुद्धा पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळून पडतात, मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवायला लागतात. खरा निकाल बघायला वर्ष लागतं. जाहिरातीत हे मधले महिने नसतात.

सिनेमातही नसतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एका आठवड्याच्या अंतराने टकलावरचे दोन हिंदी सिनेमे आले, 'उजडा चमन' आणि 'बाला'. दोन्हींचा हेतू चांगला. 'बाला'मध्ये तर नायकाला मधुमेह निघतो म्हणून ट्रान्सप्लांट बाद होतं आणि गोष्ट टोपावर जाते. हे लेखकाने विचारपूर्वक केलंय. पण दोन्ही सिनेमे आरशापासून निघतात ते थेट 'स्वतःला स्वीकारा'वर जाऊन पोचतात. मधलं दवाखान्याचं दार, हप्त्याचं कार्ड, 'आज बुक केलं तर सूट' हे सगळं गाळून. आणि दोन्हीकडचे नायक खऱ्या आयुष्यात भरगच्च केसांचे, टक्कल मेकअपचं. शूटिंग संपलं की उतरतं. (हशा) हसा, पण त्यामुळे स्वीकाराचा उपदेश जरा स्वस्त होतो. त्यापेक्षा आम्हाला अक्षय खन्ना जवळचा वाटतो. ऐन उमेदीत केस जायला लागल्यावर काय हाल झाले, हे त्याने मुलाखतीत सरळ सांगितलंय.

धोक्याबद्दल थोडक्यात सांगतो. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शंका डॉक्टरांनी व्यक्त केली. बातम्यांमध्ये आकडा होता एका बैठकीत साडेनऊ हजार ग्राफ्टचा. आत्ताच आपण साठ्याचं गणित केलं, त्याच्याशी ताडून बघा. असे मृत्यू फार विरळा, भीती घालायची नाही. पण ही शस्त्रक्रिया आहे, कटिंग-दाढी नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला लेखी सांगावं लागलं, की शस्त्रक्रियेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच हे करावं आणि यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही. सरकारी कागदावर असं वाक्य कधी येतं? कुणीतरी तसं करत असतं तेव्हाच.

सगळी केसगळती एक नसते, हेही सांगून टाकतो. बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला लोकांचे केस मूठमूठ हातात आले, बायकांचे, पोरांचेसुद्धा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा ठिकाणी ट्रान्सप्लांटचा काय उपयोग? आधी कारण बघायचं. थायरॉइड, रक्त कमी असणं, टायफॉइडनंतरची गळती, यात केस बहुतेकदा आपले आपण येतात.

आता ज्याच्यामुळे हा विषय घेतला, त्याच्याबद्दल. आमच्या ओळखीतला मुलगा आहे, इथलाच, नाव सांगत नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हा घरात पैसा आला. वय चोवीस. दोन स्थळांनी नाही म्हटलेलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण त्याने ते केसांवर घेतलं. शेतीतल्या पोराला मुलगी मिळत नाही याला आणखी कारणं आहेत, ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण बाजारभावावर इलाज नाही, पावसावर नाही, केसांवर आहे असं जाहिरात म्हणते. गेला शहरात. नटाचा फोटो दाखवला. समोरच्याने 'होऊन जाईल' म्हटलं. डॉक्टर दहा मिनिटं दिसले, पुढचं मुलांनी केलं. कपाळावर खाली रेघ आली, दाट, सुंदर. आठ-दहा महिने पोरगा खुशीत होता. औषध कुणी नीट समजावलं नव्हतं, त्याने सोडून दिलं. आता रेघेच्या मागे रिकामं होत चाललंय आणि तो टोपी घालतो, दिवसभर.

आम्ही त्याला वेड्यात काढत नाही. दीड लाख रुपये घालवून त्याने जे मागितलं, ते त्याला मिळालं. फक्त मागायचं काय, हे ठरवायला त्याच्या हातात तो जोडफोटो सोडून दुसरं काही नव्हतं. मागे किती ग्राफ्ट आहेत, आज किती वापरणार, पुढे वडिलांसारखं टक्कल पडलं तर किती शिल्लक राहतील, चीर कोण देणार, हे चार प्रश्न त्याला कुणी शिकवले नव्हते. ते विचारल्यावर जो डॉक्टर 'अजून दोन वर्षं थांब, आधी औषध घे' म्हणतो, तो त्या दिवशी पैसे कमवत नाही. म्हणून त्याची जाहिरात तुम्हाला दिसत नाही.

मागच्या महिन्यात आम्ही त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंगाने मागचा भाग तपासला, हिशेब केला. साधारण दोन हजार ग्राफ्ट अजून काढता येतील म्हणाल्या. ते रेघेच्या मागच्या मोकळ्या जागेत घालायचे की टाळूसाठी राखून ठेवायचे, ते आज ठरवू नकोस, वर्षभर औषध घे, मग बघू, असं सांगितलं. फी चारशे रुपये. येताना गाडीत तो गप्प होता. घोडेगाव ओलांडल्यावर म्हणाला, "पुढच्या रविवारी पाहुणे येणारेत. टोपी काढून बसू का?"

आम्ही म्हटलं, काढून बस. तो बसला होता. निरोप अजून आलेला नाही.