मिठागराचा हिशेब कोण मांडणार?

अपारंपरिक ऊर्जेचे आर्थिक फायदे सांगताना आपण विजेचे युनिट तेवढे मोजतो. ही मोजणी अपुरी आहे, असे आमचे मत आहे. भाईंदर पश्चिमेची मिठागरेच पाहा. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवायचे. ते आटवण्याचे काम ऊन-वारा करतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २७ ग्रॅम मीठ असते. म्हणजे किलोभर मिठासाठी ३७ लिटर पाणी आटवावे लागते. लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी धरल्यास ही उष्णता साडेएकवीस हजार किलोकॅलरी होते. किलोमागे ४,००० किलोकॅलरी देणारा कोळसा उघड्या कढईखाली जाळला आणि उष्णता मुळीच वाया गेली नाही, तरी तो पाच किलोहून अधिक लागेल!

उत्तनला बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांनाही हेच लागू आहे. हा न जाळलेला कोळसा ऊर्जेच्या नेहमीच्या तक्त्यांत दिसत नाही. म्हणूनच मिठागराची जमीन 'रिकामी' वाटते आणि तिचे मोल केवळ चौरस फुटांत होते. वाचलेले इंधन हीदेखील मिळकतच आहे. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे.