रिंग बसली, पण उजेड हलला

कीटकांवरचा किंवा कोळ्यांवरचा एखादा प्रबंध उघडा आणि त्यातलं ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण वाचा. कॅमेऱ्याचं मॉडेल दिलेलं असतं, लेन्स दिलेली असते. फ्लॅशबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य सापडतं: ‘मॅक्रो फ्लॅश वापरून छायाचित्रं घेतली.’ तो फ्लॅश लेन्सवर कशाने बसवला होता, किती अंतरावर आणि किती कोनात होता, याबद्दल अवाक्षर नसतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याही आराखड्यात हेच वाक्य होतं. आज मी त्या वाक्यावर टीका करणार आहे, आणि त्या निमित्ताने फ्लॅश धरून ठेवणाऱ्या त्या छोट्या भागांवरही.

आधी काय घडलं ते सांगते. माझं काम बुलढाणा जिल्ह्यातल्या भुंगेऱ्यांवर आहे, लोणारच्या काठावरच्या आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या परिसरातल्या. लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे. आतलं पाणी खारट आणि अल्कधर्मी. 2020 मध्ये या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे दुसऱ्या हंगामात काम करताना माझ्या फ्लॅशच्या रिंगचा चिमटा तुटला. सेट कोणत्या कंपनीचा होता ते सांगत नाही, कारण तो उन्हात गाडीत ठेवण्याचा शहाणपणा माझाच होता. लेन्स शाबूत, दोन्ही दिवे शाबूत, तुटला तो बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा. आणि काम बंद.

मूळ भाग यायला वेळ लागणार होता. म्हणून मी मेहकरमार्गे घाटाखाली खामगावला उतरले आणि एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घेतली. रिंग चोख बसली. मिस्त्रींनी दिवा लावून पाहिला, बोटाने ढकलला आणि म्हणाले, “मॅडम, बसली त बराबर, पन हे पाहा, सरकून रायली.” मी म्हटलं, चालेल. तीन आठवडे फोटो काढले. मग पहिल्या हंगामातले फोटो शेजारी ठेवले, तर त्याच जातीच्या भुंगेऱ्याची हिरवी पाठ निळसर दिसत होती.

भुंगेरा बदलला नव्हता. अशा चकाकणाऱ्या कीटकांचा रंग पुष्कळदा रंगद्रव्यामुळे नसतो, तर पाठीच्या आवरणातल्या अतिसूक्ष्म थरांमुळे असतो. उजेड कोणत्या कोनातून पडतो आणि आपण कोणत्या कोनातून पाहतो, यावर तो रंग बदलतो. नव्या रिंगवर दिव्यांना ठरलेल्या जागी अडकवणाऱ्या खाचा नव्हत्या. वजनाने ते हळूहळू खाली घसरत होते. ओळख पटवण्यासाठी आणि मोजदादीसाठी ते फोटो कामाचे राहिले. रंगाच्या तुलनेतून मात्र तीन आठवडे वगळावे लागले. मिस्त्रींनी जे एका बोटाने तपासलं, ते मी तपासलं नव्हतं.

अंतराचंही तसंच आहे. दिवा आणि कीटक यांच्यातलं अंतर 10 सेंटिमीटरचं 12 झालं, तर ढोबळमानाने उजेड सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे जवळजवळ अर्धा स्टॉप. मॅक्रोमध्ये दोन सेंटिमीटर म्हणजे एका वेगळ्या रिंगचा फरक.

आता या भागांची रचना संशोधकाच्या नजरेने पाहू. दोन जुन्या आणि परिचित पद्धती घेऊ.

निकॉनचा आर1सी1 हा संच 2005 चा. त्यात लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांवर आधी एक अडॅप्टर रिंग फिरवून बसवतात. तिच्यावर एसएक्स-1 नावाची मोठी रिंग चिमट्याने अडकते आणि तिच्यावर एसबी-आर200 हे छोटे दिवे सरकवतात. दिव्यांना आज्ञा बिनतारी मिळते, म्हणजे रिंगमध्ये विजेचं काहीच नाही. ती केवळ धरून ठेवते. संशोधकाच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे: रिंग तुटली तरी तिची जागा घेणारा भाग निव्वळ यांत्रिक असला तरी चालतो. दोष असा की अडॅप्टर रिंगा पाचच मापांच्या: 52, 62, 67, 72 आणि 77 मिलिमीटर. टॅमरॉनची जुनी 90 मिलिमीटर मॅक्रो लेन्स अनेकांकडे असते, तिच्या आट्या 55 च्या. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. 55–62 अशी स्टेप-अप रिंग घ्यायची. पहिला आकडा लेन्सकडचा, दुसरा पुढे बसणाऱ्या भागाचा.

कॅननची पद्धत वेगळी. 58 मिलिमीटर आट्यांच्या जुन्या 100 मिलिमीटर मॅक्रो लेन्सच्या तोंडाभोवती बाहेरून एक खाच असते आणि फ्लॅश थेट तिच्यावर अडकतो. नंतरच्या एल मालिकेतल्या 100 मिलिमीटर लेन्सच्या आट्या 67 च्या. तिच्यावर तीच खाच देणारा मॅक्रोलाइट अडॅप्टर 67 वेगळा लावावा लागतो. एमआर-14ईएक्समध्ये तर रिंग हाच दिवा आहे. तिचा चिमटा तुटला, तर तुम्ही सुटा भाग शोधत नसता, फ्लॅश दुरुस्त करत असता. विकत घेण्याआधी हा फरक कोणी सांगत नाही. कुठे किती ताकदीचा उजेड मिळतो यावर पानंच्या पानं लिहिली जातात, आणि कोणता तुकडा तुटल्यावर सगळं ठप्प होईल यावर ओळही नाही.

दोन्हींवर माझा मुख्य आक्षेप एकच आहे. सगळ्यात महाग भाग सगळ्यात मजबूत, आणि दोघांना जोडणारा भाग सगळ्यात कमजोर. शिवाय तो फक्त त्याच कंपनीच्या खाचेत बसणारा. हौशी छायाचित्रकाराचा त्यामुळे एखादा रविवार वाया जाईल. तुमचा हंगाम जातो, आणि भुंगेऱ्यांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

मग पर्यायी भाग शोधायचा कसा? माझ्या चुकांमधून शिकलेलं सांगते.

आधी भागाचं नेमकं नाव मिळवा. माहितीपुस्तिकेत शेवटी जोडसामानाची यादी असते, त्यात क्रमांक असतो. नुसतं ‘62 मिलिमीटर अडॅप्टर रिंग’ म्हणून मागितलं, तर दुकानदार साधी स्टेप रिंग देईल. तिच्या आट्या जुळतील, पण चिमटा ज्या कडेला धरतो ती कड तिला नसेल. आणि लेन्सवरच्या दोन आकड्यांत गल्लत करू नका. ‘60 मिलिमीटर’ ही फोकल लांबी. मधोमध तिरकी रेघ असलेल्या वर्तुळाच्या खुणेशेजारी लिहिलेलं 62 हे आट्यांचं माप. आपल्याला दुसरं हवं.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याचं जुनं-नवं सामान मिळतं, तिथून मागवता येतं. पण त्याआधी आपल्याच तालुक्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं सामान कुठे मिळतं ते पाहा. तिथे पट्ट्या, ब्रॅकेट आणि फ्लॅशचं कोल्ड शू मिळण्याची शक्यता जास्त. शूचं माप आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, आयएसओ 518 प्रमाणे ठरलेलं आहे, म्हणून ते कंपनीगणिक बदलत नाही. कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी, तिच्यावर दोन वाकणारे हात आणि टोकाला कोल्ड शू, एवढ्यावर शू-पाय असलेले छोटे फ्लॅश उभे राहतात. दिसायला ओबडधोबड, पण यातला प्रत्येक तुकडा उद्या पुन्हा मिळू शकतो. हाच निकष लावला, तर कंपनीच्या देखण्या रिंगपेक्षा ही जोडणी मला संशोधनासाठी उजवी वाटते. अट एकच: हात पक्के आवळा आणि त्यांच्या जागेवर रंगाने खुणा करा.

पट्टीचा बोल्ट हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची’ मागा. ट्रायपॉडच्या आट्या पाव इंची, इंचाला 20. एम6 बोल्ट जवळपास तेवढाच दिसतो, पण तो 6 मिलिमीटरचा आणि पाव इंच म्हणजे 6.35. ढिला बसेल, आणि जोर लावलात तर कॅमेऱ्याच्या आट्या जातील.

फेविक्विकचा मोह टाळा. तो सांधा धक्क्याला ठिसूळ असतो आणि त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरट थर सोडते. चिकटवायचंच असेल तर लेन्सवरून भाग काढून, दूर बसून, दोन घटकांचं इपॉक्सी वापरा. जिल्ह्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्रिमिती छपाईची सोय असेल तर जरूर विचारा, पण कशात छापणार तेही विचारा. पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ती रिंग वाकडी व्हायला वेळ लागणार नाही.

‘मूळ भागच घ्या’ हा सल्ला तुम्हाला मार्गदर्शकांकडून मिळेल. तो चूक नाही, पण अपुरा आहे. मूळ भागसुद्धा तुम्ही वेगळ्या खाचेत लावलात तर उजेड बदलतोच. आणि गावात बनवलेला भाग दिवे त्याच जागी, त्याच कोनात धरत असेल, तर तो संशोधनासाठी पुरेसा आहे. ‘बसतो का?’ हा दुकानातला प्रश्न झाला. आपला प्रश्न ‘उजेड होता तिथेच आहे का?’ हा आहे.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. सायकलच्या मागच्या चाकातला पाव इंची छर्रा घ्या, पुसून चकचकीत करा आणि आलेख कागदावर एका थेंब गोंदाने चिकटवा. दररोज काम सुरू करताना, ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या सेटिंगवर, त्याचा एक फोटो काढा. छर्ऱ्याच्या गोल पाठीवर दोन्ही दिव्यांची प्रतिबिंबं दिसतील. ती कालच्या जागी असतील तर दिवे कालच्या जागी आहेत. सरकली असतील तर किती आणि कोणत्या बाजूला तेही कळेल. कागदावरच्या रेघा मापाचं काम करतात. शेजारी करडं कार्ड ठेवलंत तर उजेडाचं प्रमाणही तपासता येईल. माझ्याकडे पहिल्या दिवसापासून असे फोटो असते, तर दिवे घसरल्याचं मला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

आता माझ्या पद्धतीच्या प्रकरणात तीन वाक्यं जास्त आहेत: दिवे कशावर बसवले, किती अंतरावर आणि कोनात ठेवले, आणि भाग कोणत्या तारखेला बदलला. चौथं वाक्य त्या तीन आठवड्यांबद्दल आहे, कोणते फोटो का वगळले ते सांगणारं. ते लिहिताना लाज वाटली होती. मार्गदर्शकांनी वाचलं आणि त्या एका वाक्यावर काहीच खूण केली नाही. बाकी पानभर लाल शाई होती.

तुमचा हंगाम जवळ आला असेल तर आज एवढंच करा. फ्लॅश लेन्सवर लावा, तुटला तर काम थांबेल असा सगळ्यात छोटा भाग शोधा, त्याचा क्रमांक वहीत लिहा आणि तो दुसरा कुठे मिळेल हे पाऊस पडायच्या आधी विचारून ठेवा. छर्रा तर सायकलच्या दुकानात आजच मिळेल.